स्पिनोझा समग्र वाचायचा आहे: कर्ली, शर्ली की एल्वेस?

डच तत्त्वज्ञ स्पिनोझाने लिहिले ते लॅटिनमध्ये आणि थोडेफार डचमध्ये. आपल्यापैकी बहुतेकांना या दोन्ही भाषा येत नसल्यामुळे तो वाचायचे ठरवले की इंग्रजी भाषांतराचाच आधार घ्यावा लागतो, आणि मग कोणते भाषांतर घ्यावे हा प्रश्न उभा राहतो. एकटे ‘एथिक्स’, म्हणजे त्याचा मुख्य ग्रंथ, वाचायचे असेल तर पर्याय भरपूर आहेत. परंतु ज्याला त्याचे सगळे लेखन, पत्रांसह आणि अपूर्ण राहिलेल्या ग्रंथांसह, क्रमाने वाचायचे आहे, त्याने विचार करावा असे संच प्रत्यक्षात तीनच आहेत. पहिला एडविन कर्ली यांचा. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रकाशनाने तो दोन खंडांत काढला आहे. पहिला खंड १९८५ मध्ये आला आणि दुसरा थेट २०१६ मध्ये. दुसरा संच म्हणजे सॅम्युएल शर्ली यांची भाषांतरे एकत्र करून मायकेल मॉर्गन यांनी संपादिलेला आणि हॅकेट प्रकाशनाने २००२ मध्ये काढलेला एकच जाडजूड ग्रंथ. तिसरा आर. एच. एम. एल्वेस यांचा, १८८३-८४ मधला, दोन खंडांचा. त्यावर आता कुणाचाही स्वामित्वहक्क उरलेला नसल्यामुळे तो फुकट मिळतो.

या तिघांविषयी एक ठरीव सल्ला नेहमी ऐकू येतो: अभ्यासकांनी कर्ली घ्यावा, सामान्य वाचकाने शर्ली घ्यावा, कारण शर्लींची इंग्रजी ओघवती आहे आणि कर्लींची काटेकोर. ज्याची इंग्रजी ही घरची भाषा आहे त्याच्यापुरता हा सल्ला ठीक आहे. परंतु ज्याने इंग्रजी शाळेत शिकून कमावली आहे, अशा मराठी वाचकाला तो जसाच्या तसा लागू पडत नाही, असे माझे मत आहे. आपल्याला अडवते ते वाक्याचे वळण नव्हे. पारिभाषिक शब्द एका पानावर एका अर्थाने आणि दुसऱ्या पानावर दुसऱ्या अर्थाने आला, तर आपण अडखळतो. या कसोटीवर कर्ली सामान्य वाचकालाही अधिक सोपा जातो. तो निरपवादपणे चांगला आहे असे मात्र नाही, आणि त्याच्या एका मोठ्या गैरसोयीविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

आधी एक शंका दूर केलेली बरी. बारुख स्पिनोझा १६३२ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये जन्मला आणि १६७७ मध्ये हेग येथे वारला, म्हणजे ज्याला युरोपातील ज्ञानोदयाचे शतक म्हणतात त्या अठराव्या शतकाच्या आधीच. तरीही त्या शतकाच्या वादांमध्ये तो सतत हजर आहे. १६७० मध्ये त्याने नाव न घालता, मुखपृष्ठावर हॅम्बुर्गच्या एका खोट्या प्रकाशकाचे नाव छापून ‘थिऑलॉजिको-पोलिटिकल ट्रीटिज’ प्रसिद्ध केले. पुढे या लेखात मी त्याला नुसते ‘ट्रीटिज’ म्हणेन. बायबल हा इतर ग्रंथांसारखाच इतिहासाच्या आणि भाषेच्या आधाराने तपासण्याचा ग्रंथ आहे आणि राज्यात विचार करण्याचे व बोलण्याचे स्वातंत्र्य असल्याने धर्म किंवा शांतता धोक्यात येत नाही, ही त्या पुस्तकातली दोन प्रतिपादने पुढच्या शंभर वर्षांत चोरून-लपून फिरत राहिली. १७८५ मध्ये जर्मनीत याकोबी या तत्त्वज्ञाने, प्रसिद्ध नाटककार लेसिंग हा खरे तर स्पिनोझावादी होता, असे जाहीर करून जो गदारोळ उडवून दिला, त्यात कांटपर्यंत सगळ्यांना भूमिका घ्यावी लागली. ज्ञानोदयाच्या काळातला तत्त्वज्ञ म्हणून स्पिनोझा वाचायला घेणे त्यामुळे योग्यच आहे.

समग्रच का, ‘एथिक्स’ का पुरेसे नाही

‘एथिक्स’चे पाच भाग आहेत आणि त्यांत मिळून २५९ प्रमेये आहेत. व्याख्या, स्वयंसिद्ध विधाने, प्रमेय, सिद्धता असा भूमितीच्या पुस्तकासारखा क्रम सगळीकडे पाळलेला आहे. मधूनमधून येणारी स्कोलियम, म्हणजे प्रमेयाखाली जोडलेली मोकळी स्पष्टीकरणे, सोडली तर लेखकाचा आवाज ऐकू येत नाही, आणि उदाहरणे तर फारच थोडी. एवढ्या कोरड्या मांडणीत वाचकाच्या मनात ज्या शंका येतात, त्या स्पिनोझाच्या मित्रांच्या आणि विरोधकांच्याही मनात आल्या होत्या. त्यांनी त्या पत्रांतून विचारल्या आणि त्याने त्यांना उत्तरे दिली. ही पत्रे, त्याला आलेली आणि त्याने लिहिलेली मिळून, आज १ ते ८४ अशा क्रमांकांनी ओळखली जातात. माझ्या दृष्टीने समग्र वाङ्मय विकत घेण्याचे सर्वांत मोठे कारण ही पत्रेच आहेत.

दगडाचे उदाहरण घ्या. हवेत फेकलेल्या दगडाला विचार करता आला असता, तर आपण आपल्याच इच्छेने उडतो आहोत असे त्याला वाटले असते. माणसाच्या स्वतंत्र इच्छाशक्तीचे तसेच आहे. स्पिनोझाविषयी दोन ओळी वाचलेल्या माणसालाही हे उदाहरण ठाऊक असते, पण ते ‘एथिक्स’मध्ये शोधून सापडणार नाही. चिर्नहाउस नावाच्या तरुण जर्मन विद्वानाने घेतलेले आक्षेप शुलर या मित्राने कळवले, त्यांना १६७४ मध्ये दिलेल्या उत्तरात, म्हणजे ५८व्या पत्रात, ते आले आहे. रक्तात राहणाऱ्या किड्याचे उदाहरण ३२व्या पत्रात आहे. त्या किड्याला रक्तातला प्रत्येक कण सुटा वाटेल, पण सगळे कण मिळून एक रक्त होते हे त्याला दिसणार नाही. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जपेक्षा आपण नेमके कुठे वेगळे आहोत, हे येलेस या मित्राला लिहिलेल्या ५०व्या पत्रात आहे. अनंताचे प्रकार किती आणि त्यांची गल्लत केल्याने कोणते घोटाळे होतात, हे मेयर या मित्राला लिहिलेल्या १२व्या पत्रात आहे. ‘एथिक्स’चा पहिला भाग वाचताना हे पत्र शेजारी उघडे नसेल, तर वाचक बहुधा पंधराव्या प्रमेयाच्या स्कोलियमवर अडकतो.

आपल्याकडच्या वाचकाला तर पत्रांची आणखी एका कारणाने गरज आहे. ईश्वर आणि निसर्ग एकच, असे वाचताच आपल्या मनात लगेच अद्वैत वेदान्त उभा राहतो, आणि एकदा तो उभा राहिला की पुढची दोनशे पाने आपण स्पिनोझाऐवजी शंकराचार्यच वाचत राहतो. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव ओल्डेनबर्ग यांना १६७५ च्या अखेरीस लिहिलेल्या ७३व्या पत्रात स्पिनोझा स्पष्ट सांगतो, की निसर्ग म्हणजे केवळ जड वस्तूंचा साठा असे समजून, मी ईश्वर आणि असा निसर्ग एकच मानतो असे ज्यांना वाटते, ते पूर्णपणे चुकतात. तुलना करायची तर अवश्य करावी, परंतु हे पत्र वाचल्यानंतर करावी.

पत्रे कुठे ठेवली आहेत

आता तिन्ही संच शेजारी ठेवून पाहू. शर्लींच्या ग्रंथात सगळी पत्रे सलग, ग्रंथाच्या शेवटी आहेत. संदर्भ शोधायला हे सोयीचे आहे. एखाद्या टीकाकाराने ५८व्या पत्राचा उल्लेख केला, तर पाने उलटून तिथे पोहोचायला अर्धे मिनिट लागते. पण जो पहिल्या पानापासून वाचत येतो, त्याच्यापुढे ही पत्रे सुमारे साडेसातशे पानांनंतर येतात, आणि तोवर त्यांनी ज्या शंकांना उत्तरे दिली आहेत, त्या शंका विसरल्या गेलेल्या असतात.

कर्लींनी पत्रे काळानुसार ग्रंथांच्या मध्ये पेरली आहेत. याचा फायदा एका ठिकाणी अगदी ठळकपणे दिसतो. १६६३ मध्ये स्पिनोझाने फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या तत्त्वज्ञानाची भूमितीच्या पद्धतीने मांडणी करणारे पुस्तक छापले. स्वतःच्या नावाने त्याने प्रसिद्ध केलेले हे एकमेव पुस्तक. डोर्डरेख्टमध्ये धान्याचा व्यापार करणाऱ्या विलेम व्हान ब्लायेनबर्खने ते वाचले, आणि डिसेंबर १६६४ मध्ये त्याने लेखकाला लिहिले: सगळे काही ईश्वराच्या इच्छेने घडत असेल, तर ॲडमने निषिद्ध फळ खाल्ले ते कुणाच्या इच्छेने? स्पिनोझाने जानेवारीत उत्तर दिले ते अतिशय उत्साहाने. सत्याचा एक निरपेक्ष शोधक आपल्याला भेटला, या आनंदाने त्याने लिहिले, आणि शेवटी अशी खंतही व्यक्त केली की ज्या भाषेत मी वाढलो तीत लिहिता आले असते तर बरे झाले असते. ब्लायेनबर्खचे लांबलचक उत्तर येते. त्यात तो सांगतो की बुद्धी आणि धर्मग्रंथ यांच्यात विरोध आला तर मी धर्मग्रंथाचे मानीन. पुढच्याच पत्रात स्पिनोझाचा सूर बदलतो: आपले मतभेद निष्कर्षांपुरते नसून मूळ तत्त्वांवरच आहेत, तेव्हा या पत्रव्यवहारातून दोघांनाही फारसे शिकायला मिळेल असे वाटत नाही. तरी पत्रे येतच राहतात, जून १६६५ पर्यंत, आणि अखेर स्पिनोझा नम्रपणे पण ठामपणे दार लावून घेतो. कर्लींच्या पहिल्या खंडात ही पत्रे देकार्तवरच्या पुस्तकाच्या लगेच पाठोपाठ आणि ‘एथिक्स’च्या आधी येतात. ज्या पुस्तकाने ही जिज्ञासा जागी केली ते नुकतेच वाचून झालेले असते, आणि पाप-पुण्याविषयी जे प्रश्न ‘एथिक्स’च्या चौथ्या भागात पुन्हा येणार असतात, ते इथे एका हट्टी माणसाच्या तोंडून आधीच ऐकलेले असतात. ही मांडणी इतकी नेमकी आहे, की एवढ्या एका कारणासाठीही मी कर्लींची शिफारस केली असती.

परंतु हीच मांडणी दुसऱ्या बाजूने अडचणीची ठरते. कालक्रम पाळल्यामुळे पहिल्या खंडात २८व्या पत्रापर्यंतचीच, म्हणजे १६६५ च्या मध्यापर्यंतची पत्रे आली. ‘एथिक्स’ मात्र, ते लिहायला त्याच दशकात सुरुवात झाली होती म्हणून, याच खंडात आहे. परिणाम असा, की चिर्नहाउसच्या सगळ्या शंका, दगडाचे उदाहरण, रक्तातला किडा, येलेसचे पत्र, ओल्डेनबर्गशी झालेला शेवटचा पत्रव्यवहार, यांतले काहीही पहिल्या खंडात नाही. ते सगळे दुसऱ्या खंडात ‘ट्रीटिज’च्या आगेमागे आहे. १९८५ पासून २०१६ पर्यंत, म्हणजे ३१ वर्षे, ज्यांच्याकडे फक्त पहिला खंड होता त्यांना उरलेली पत्रे दुसऱ्या भाषांतरातून वाचावी लागत होती. आज दोन्ही खंड मिळतात, पण पहिलाच खंड घेऊन थांबणारे वाचक अजूनही भेटतात, आणि त्यांना आपल्याजवळ ‘समग्र’ आहे असे वाटत असते.

एल्वेसच्या पत्रांविषयी थोडक्यात सांगता येईल: ती निवडक आहेत आणि काटछाट केलेली आहेत.

एकाच शब्दाचे दोन अर्थ

भाषांतरांची तुलना करताना शब्दांवर किस पाडण्याचा मोह होतो आणि तो बहुतेक वेळा टाळावा. एक फरक मात्र असा आहे, की तो माहीत नसेल तर वाचक शब्दशः चुकीचा अर्थ घेऊन उठतो.

‘एथिक्स’च्या तिसऱ्या भागाच्या अकराव्या प्रमेयाच्या स्कोलियममध्ये स्पिनोझा भावनांची मूळ जोडी सांगतो. मन अधिक पूर्णतेकडे जाते तेव्हा जे होते ते एक आणि कमी पूर्णतेकडे जाते तेव्हा जे होते ते दुसरे. कर्ली या जोडीला ‘जॉय’ आणि ‘सॅडनेस’ म्हणतात. शर्ली आणि एल्वेस दोघेही ‘प्लेझर’ आणि ‘पेन’ म्हणतात. इथवर कुणी म्हणेल, आवडीचा प्रश्न आहे. पण त्याच स्कोलियममध्ये स्पिनोझा पहिलीचे दोन पोटप्रकार करतो: शरीराच्या सगळ्या भागांना सारखे व्यापणारी प्रसन्नता आणि एखाद्याच भागाला इतरांपेक्षा जास्त चाळवणारे सुख. या दुसऱ्या पोटप्रकाराला शर्ली ‘टिटिलेशन’ म्हणतात आणि एल्वेस ‘स्टिम्युलेशन’. कर्ली मात्र नेमके त्यालाच ‘प्लेझर’ म्हणतात.

आता चौथ्या भागात या. ४१व्या प्रमेयात, शर्लींच्या शब्दांत, ‘प्लेझर’ स्वतः वाईट नसून चांगले आहे. ४३व्या प्रमेयात, कर्लींच्या शब्दांत, ‘प्लेझर’चा अतिरेक होऊ शकतो आणि ते वाईट ठरू शकते. दोन्ही भाषांतरे आपापल्या जागी बरोबर आहेत आणि स्पिनोझाही स्वतःशी विसंगत नाही. पण जो वाचक शर्ली हातात धरून, कर्लींच्या भाषांतरावर आधारलेला एखादा लेख वाचत असेल, त्याला हे दोन्ही एकाच गोष्टीविषयी आहे असेच वाटणार. १९८५ नंतर इंग्रजीत स्पिनोझावर जे लेखन झाले, त्यातले बहुतेक अवतरणांसाठी कर्लींचे भाषांतर वापरते. म्हणून जो भाष्ये, व्याख्याने, ग्रंथपरीक्षणे यांच्या आधाराने वाचणार आहे, त्याने कर्लीच घ्यावा. शर्ली घेतला तर प्रत्येक संदर्भ मनातल्या मनात उलथापालथ करून घ्यावा लागतो. उलट, एल्वेसवर हात बसलेला वाचक शर्लींकडे फारशा अडचणीशिवाय जाऊ शकतो, कारण मूळ जोडीची नावे दोघांची एकच आहेत.

इंग्रजी शिकून कमावलेल्या वाचकाला कर्ली सोपा जातो असे मी आधी म्हटले, त्यामागे हेच कारण आहे. कर्ली शक्य तिथे एका लॅटिन शब्दाला एकच इंग्रजी शब्द ठरवतात, तो निभावतात, आणि प्रत्येक खंडाच्या शेवटी शब्दकोश आणि सूची यांचे मिश्रण असलेली एक लांब पुरवणी देतात. ‘किंवा’ हा शब्द जिथे दोन वेगळे पर्याय सांगत नसून ‘म्हणजेच’ या अर्थाने आला आहे, तिथे ते तो तिरप्या अक्षरांत छापतात. ‘ईश्वर किंवा निसर्ग’ हे सुप्रसिद्ध शब्द वाचताना या छोट्याशा खुणेने वाचक मोठ्या गैरसमजातून वाचतो. समासात गेबहार्ट यांच्या १९२५ च्या प्रमाण लॅटिन आवृत्तीचे पृष्ठक्रमांक आहेत. तळटिपांतून, १६७७ मध्ये लॅटिनबरोबरच निघालेल्या डच भाषांतरात कुठे वेगळा मजकूर आहे, तेही कळते. ज्याला लॅटिनचा गंध नाही त्याला हे सगळे अनावश्यक वाटेल, पण निदान कुठे पाय जपून टाकायचा आहे एवढे तरी त्यातून समजते.

असे असले तरी शर्लींवर अन्याय होऊ नये. ‘ट्रीटिज’मध्ये, विशेषतः चमत्कारांवरचे सहावे प्रकरण, बायबल कसे वाचावे हे सांगणारे सातवे आणि विचारस्वातंत्र्यावरचे विसावे, स्पिनोझा भूमिती बाजूला ठेवून सरळ वाद घालतो. तिथे शर्लींच्या वाक्यांना गती आहे आणि राग, उपरोध, आर्जव हे सगळे त्यांतून पोहोचते. भुतांच्या अस्तित्वाचा आग्रह धरणाऱ्या बॉक्सेलला दिलेली उत्तरे किंवा कॅथलिक होऊन स्पिनोझालाच उपदेश करू लागलेल्या अल्बर्ट बर्खला लिहिलेले ७६वे पत्र शर्लींकडून वाचावे. माणूस बोलतो आहे असे वाटते. कर्लींच्या दुसऱ्या खंडातल्या ‘ट्रीटिज’ला टिपांचे पाठबळ कितीतरी अधिक आहे, बायबलचे संदर्भ, मध्ययुगीन ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीझ, हॉब्ज, पण त्या टिपा वाचता वाचता मूळ वादाचा धागा सुटतो, हेही खरे आहे. शर्लींच्या ग्रंथातली मॉर्गन यांची प्रास्ताविके आटोपशीर आहेत आणि टिपा मोजक्याच, त्यामुळे पान स्वच्छ दिसते.

पूर्ण कोण आहे

शब्दशः पूर्ण म्हणायचा तर शर्लींचाच ग्रंथ. त्यात स्पिनोझाने अपुरे सोडलेले हिब्रू व्याकरणही आहे, मॉरिस ब्लूम यांच्या भाषांतरातून. कर्लींनी ते वगळले आहे. ज्याला हिब्रू येते किंवा स्पिनोझाच्या भाषाविचारात रस आहे, त्याच्यासाठी हा निर्णायक मुद्दा ठरू शकतो. इतरांनी त्यासाठी अडून बसू नये.

एल्वेसच्या दोन खंडांत ‘ट्रीटिज’, अपुरा राहिलेला ‘पोलिटिकल ट्रीटिज’, बुद्धीच्या शुद्धीविषयीचा अपुरा निबंध, ‘एथिक्स’ आणि निवडक पत्रे एवढेच आहे. देकार्तवरचे पुस्तक नाही. डचमधल्या हस्तलिखितांमधून एकोणिसाव्या शतकात उजेडात आलेला ‘शॉर्ट ट्रीटिज’ही नाही, त्यात ‘एथिक्स’चा कच्चा आराखडा दिसतो, आणि एक तत्त्वज्ञ आपलेच विचार कसे घासूनपुसून घेतो हे बघायला तो फार उपयोगी आहे. त्याशिवाय एल्वेसने ज्या लॅटिन आवृत्तीवरून काम केले ती गेबहार्टच्या कितीतरी आधीची. तरीही एल्वेसला निकालात काढू नये. स्पिनोझा आपल्याला मानवतो की नाही, हेच अजून ज्याला ठाऊक नाही, त्याने पैसे खर्च करण्याआधी एल्वेसमधून ‘ट्रीटिज’ची प्रस्तावना आणि विसावे प्रकरण वाचावे. एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी थोडी जड आहे, पण आपल्या विद्यापीठांच्या जुन्या पाठ्यपुस्तकांची सवय असलेल्याला ती परकी वाटणार नाही.

एका बाबतीत तिघेही मागे पडले आहेत. २०१० मध्ये व्हॅटिकनच्या ग्रंथालयात ‘एथिक्स’चे एक हस्तलिखित सापडले, स्पिनोझाच्या हयातीतच कुणीतरी केलेली नक्कल. कर्लींचा पहिला खंड, शर्ली आणि एल्वेस, तिन्ही त्याआधीचे आहेत. त्याची दखल घेतलेले ‘एथिक्स’ हवे असेल तर केंब्रिजने २०१८ मध्ये काढलेले सिल्व्हरथॉर्न आणि किस्नर यांचे भाषांतर वेगळे घ्यावे लागेल. हस्तलिखितातले फरक बहुतांशी बारीकसारीक आहेत आणि समग्र वाचणाऱ्याच्या निवडीत त्यांना फार वजन देऊ नये, असे मला वाटते.

मग काय घ्यावे

ज्याला एकदाच, सलग, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून स्पिनोझाची ओळख करून घ्यायची आहे, सोबत भाष्ये वाचायची नाहीत आणि कपाटात एकच पुस्तक ठेवायचे आहे, त्याने शर्ली घ्यावा. फक्त एक करावे: पत्रे शेवटासाठी राखून ठेवू नयेत. देकार्तवरचे पुस्तक संपले की ब्लायेनबर्खची पत्रे, म्हणजे १८ ते २४ आणि २७वे, काढावीत, ‘एथिक्स’चा पहिला भाग सुरू करताना १२वे आणि ३२वे, दुसरा भाग संपला की चिर्नहाउस आणि शुलर यांच्याशी झालेला ५७व्या पत्रापासूनचा व्यवहार, आणि ‘ट्रीटिज’ झाल्यावर ७३व्यापासून पुढे. म्हणजे कर्लींच्या मांडणीचा लाभ शर्लींच्या किमतीत मिळतो.

ज्याला सावकाश, दोन-तीन वर्षे, वही घेऊन आणि शक्य असल्यास दोघा-तिघांच्या गटात वाचायचे आहे, त्याने कर्लींचे दोन्ही खंड घ्यावेत. किंमत बरीच आहे आणि दोन्ही मिळून दीड हजार पानांच्या आसपास जातात. प्रिन्स्टनने दोन्ही खंडांची एकत्र डिजिटल आवृत्तीही काढली आहे. शोधण्याची सोय असल्याने पारिभाषिक शब्दांचा माग काढायला ती छापील पुस्तकापेक्षा सरस आहे, मात्र सिद्धतांमधले मागचे संदर्भ पाहत पाने पुढेमागे करणाऱ्याला पडद्यावर त्रास होतो.

एकाच खंडाचे पैसे असतील तर बहुतेक जण पहिला घेतात, कारण त्यात ‘एथिक्स’ आहे. मी उलट सुचवीन. कर्लींचेच ‘एथिक्स’ पेंग्विनने १९९६ मध्ये स्वतंत्र, तुलनेने स्वस्त पुस्तकाच्या रूपात काढले आहे, आणि भाषांतरात काही सुधारणाही त्यात केलेल्या आहेत. ते आणि प्रिन्स्टनचा दुसरा खंड असे घेतले, तर ‘एथिक्स’, ‘ट्रीटिज’, ‘पोलिटिकल ट्रीटिज’ आणि २९व्यापासून ८४व्यापर्यंतची सगळी पत्रे एकाच परिभाषेत हाती येतात. पहिल्या खंडाविना जे निसटते, ते म्हणजे आरंभीचे ग्रंथ, मेयरला लिहिलेले बारावे पत्र आणि ब्लायेनबर्ख. त्यांतला ब्लायेनबर्ख निसटतो याचे मला सर्वांत वाईट वाटते, पण तेवढ्यापुरता पहिला खंड एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातून आणता येतो.

मागणी नोंदवताना एक काळजी घ्यावी. स्वामित्वहक्काच्या बाहेर गेलेला एल्वेस अनेक छोटे प्रकाशक नव्या मुखपृष्ठासह, ‘कम्प्लीट वर्क्स’ असे ठळक नाव देऊन आणि कित्येकदा भाषांतरकाराचे नाव कुठेही न छापता विकतात, आणि किंमत पाहून खरेदीदाराला ते शर्लींच्या ग्रंथाची स्वस्त आवृत्ती वाटू शकते. पुस्तकाच्या पानावर भाषांतरकाराचे नाव दिसत नसेल तर अनुक्रमणिका उघडून ‘शॉर्ट ट्रीटिज’ आणि देकार्तवरचे पुस्तक आहे का ते पाहावे; नसेल तर तो एल्वेसच आहे, आणि तो तर फुकट मिळतो.